एमई/सीएफएसचं संशोधन कुठे चाललंय? गोव्यातल्या रुग्णांचे आणि घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

ज्यांना एमई/सीएफएसचं (मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, एकाच आजाराची दोन नावं) निदान झालंय, होऊ घातलंय, किंवा डेंग्यू, चिकुनगुन्या नाहीतर कोविडनंतर जे पुन्हा उभेच राहिले नाहीत, त्यांच्यासाठी. शिवाय त्यांच्या घरच्यांसाठी. मी डॉक्टर नाही. फोंडा तालुक्यात राहणारी रुग्ण आहे आणि या आजारावरचे मूळ शोधनिबंध वाचायची सवय मला लागली आहे. कोणतं औषध घ्या, कोणतं बंद करा, असं इथे काही मिळणार नाही. "परदेशात एवढं संशोधन चाललंय, मग तुम्ही रुग्ण कुरकुर का करता?" हे विचारणाऱ्यांना काय सांगायचं, तेवढं मिळेल.

साधा थकवा आणि हा आजार यात फरक काय?

समजा, चवथीच्या आदल्या दिवशी घरातल्या सुनेने स्टुलावर चढून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधली. हात वर करून नारळाचा घोस, सुपारीचे शिपटे, कांगलं, एकेक करून. संध्याकाळी ती थकली. तशी सगळीच थकतात. घरातले इतर रात्री झोपले आणि सकाळी ताजेतवाने उठले. तिलाही दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, पाहुण्यांना नेवऱ्याही वाढल्या. तिसऱ्या दिवशी मात्र केस विंचरायला हात वर जाईना. घसा दुखायला लागला, बल्बचा उजेड डोळ्यांना सोसेना, समोरचा काय बोलतो ते अर्ध्यातच सुटायला लागलं. हे पुढे आठवडाभर चाललं, आणि त्यातून बाहेर आली तेव्हा ती आधीपेक्षा एक पायरी खाली होती.

श्रमानंतरची ही घसरण या आजाराची खूण आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला पीईएम म्हणतात. रुग्ण आपापसात "क्रॅश" म्हणतात. ती बहुतेक वेळा उशिरा येते, म्हणून कशामुळे आली हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली जे निकष दिले त्यांत तीन गोष्टी अनिवार्य आहेत: सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची क्षमता ठळकपणे घटलेली असणं आणि सोबत विश्रांतीने न जाणारा थकवा, ही घसरण, आणि झोपूनही ताजंतवानं न वाटणं. त्याखेरीज विचार-स्मरणातली अडचण किंवा उभं राहिल्यावर वाढणारा त्रास, यांपैकी निदान एक.

रुग्णांची मुख्य तक्रार काय? संशोधनच होत नाही, ही?

ती आहेच, पण मोठी तक्रार वेगळी आहे. जे संशोधन झालं त्यातलं बरंचसं नेमक्या कोणत्या माणसांवर झालं, हाच प्रश्न सुटलेला नाही. आजाराची व्याख्या सैल ठेवली की भलतेच लोक अभ्यासात येतात. त्यांच्यावर निघालेला निष्कर्ष मग आमच्या डोक्यावर बसतो, आणि तिथून तो औषधोपचाराच्या पुस्तकात, विम्याच्या अर्जात आणि शेवटी आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात पोचतो. "रोज थोडं थोडं चालणं वाढवा" हा सल्ला फोंड्याच्या डॉक्टरांनी स्वतः शोधलेला नसतो. तो कुठल्यातरी चाचणीतून आलेला असतो. ती चाचणी कोणावर झाली हे विचारायचा हक्क ज्याला चालायला सांगितलंय त्याला असायला हवा.

व्याख्येवर एवढा वाद कशाला? थकवा तो थकवा.

१९९१ साली इंग्लंडात ठरलेल्या ऑक्सफर्ड निकषांनुसार सहा महिने टिकलेला, कामात अडथळा आणणारा आणि दुसऱ्या आजाराने उलगडा न होणारा थकवा पुरेसा होता. श्रमानंतरची घसरण असण्याची अट नव्हती. १९९४ च्या फुकुदा निकषांत ती यादीत आली, पण ऐच्छिक म्हणून. ती अनिवार्य झाली ती २००३ च्या कॅनेडियन निकषांत.

ऑक्सफर्ड निकष लावले की नैराश्यातून थकलेला माणूस, कामाच्या ताणाने मोडलेला माणूस आणि एमई झालेला माणूस एकाच गटात बसतात. बांगडे, तारले आणि सुंगटं एकाच पाटीत ओतून "मासळीचं" सरासरी वजन काढण्यासारखं हे आहे: आकडा येतो, पण तो कुठल्याच माशाचा नसतो. नैराश्यात हालचाल वाढवल्याने अनेकांना खरोखर बरं वाटतं. तसे लोक अभ्यासात पुरेसे असले की व्यायाम "उपयोगी" ठरतो, आणि ज्याला व्यायामाने क्रॅश येतो त्याचा आवाज सरासरीत बुडतो.

ही नुसती रुग्णांची कुरबुर नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, बसवलेल्या स्वतंत्र समितीनेही २०१५ साली ऑक्सफर्ड व्याख्या निवृत्त करावी असं म्हटलं. तिच्या मते ती वापरत राहिल्याने प्रगती अडते आणि अपायही होऊ शकतो.

पण गोव्यातच थकव्यावर अभ्यास झाला होता ना? त्यात कारणं मानसिक-सामाजिक निघाली होती.

झाला होता, आणि चांगला झाला होता. २००५ साली तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये (बीएमजे) आला. विक्रम पटेल त्याच्या लेखकांपैकी एक. गोव्यातल्या एका ठरावीक भागातून १८ ते ५० वयाच्या ३००० स्त्रिया यदृच्छया निवडल्या होत्या. सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचं सुमारे १२ टक्के जणींनी सांगितलं. गरिबी, मनावरचा ताण आणि बाई म्हणून वाट्याला येणारा जाच यांच्याशी त्या थकव्याचं घट्ट नातं दिसलं.

मला तो अभ्यास पटतो. आपल्या आसपास पाहिलं तरी पटतो. पण त्याने मोजला तो "दीर्घकाळ थकवा असल्याची तक्रार", एमई/सीएफएस नव्हे. श्रमानंतरची घसरण शोधणं हा त्याचा हेतूच नव्हता. त्यामुळे त्या बारा टक्के जणींपैकी कितीजणी आमच्यासारख्या, हे त्यातून कळत नाही. "गोव्यातल्या थकव्याचं मूळ मनात असतं, संशोधनाने सिद्ध झालंय" असं जेव्हा कुणी ऐकवतं, तेव्हा अभ्यास चुकलेला नसतो. तो भलत्या रुग्णाला लावलेला असतो.

"पेस" चाचणी म्हणजे काय? तिचं नाव काढलं की रुग्ण चिडतात.

हे उत्तर लांब होणार.

पेस ही इंग्लंडमधली चाचणी, २०११ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेली. ६४१ रुग्ण, सुमारे ५० लाख पौंड खर्च, तोही सरकारी. पैसे देणाऱ्यांत ब्रिटनचं काम आणि निवृत्तिवेतन खातंही होतं, म्हणजे अपंगत्वाचे भत्ते ज्यांच्या हातात ते खातं. रुग्णांचे चार गट केले. सगळ्यांना तज्ज्ञ डॉक्टरांची देखरेख होती. एका गटाला फक्त तेवढीच, बाकी तिघांना तिच्या जोडीला अनुक्रमे शक्तीच्या मर्यादेत राहायला शिकवणं, विचार-वर्तन उपचार म्हणजे सीबीटी, आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम म्हणजे जीईटी. निवड ऑक्सफर्ड निकषांनी. निष्कर्ष असा की सीबीटी आणि जीईटी माफक उपयोगी आणि सुरक्षित आहेत. २०१३ मध्ये याच चाचणीवरचा दुसरा निबंध आला: या दोन गटांतले २२ टक्के रुग्ण "बरे झाले". वर्तमानपत्रांनी ते उचललं आणि आम्ही व्यायामाला घाबरणारे ठरलो.

मग रुग्णांनी आकडे तपासायला घेतले. शारीरिक क्षमतेची एक प्रश्नावली असते, ० ते १०० गुणांची. चाचणीत प्रवेश मिळायला ६५ किंवा त्याहून कमी गुण लागत, इतकी वाईट अवस्था हवी. मूळ आराखड्यात "बरा" म्हणायला ८५ गुण ठरले होते. नंतर ती रेघ ६० वर आणली. म्हणजे माणूस ६५ गुण घेऊन आजारी म्हणून आत गेला, ६० वर घसरला, तरी त्या मोजमापापुरता "बरा"! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा छपाईची चूक असेल असं वाटलं होतं.

आणखीही होतं. कोणता उपचार मिळतोय हे रुग्णाला आणि उपचारकाला दोघांनाही माहीत होतं, आणि यश मोजलं ते रुग्णाने स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवरून. सीबीटीचा तर गाभाच असा की आजाराकडे बघायची दृष्टी बदला. अशा वेळी प्रश्नावलीतलं उत्तर बदललं की शरीर बदललं, हे कसं कळणार? अंगावर बांधून हालचाल मोजणारं यंत्र सुरुवातीला वापरलं होतं; निकालाचं माप म्हणून ते वगळलं गेलं. सहा मिनिटांत किती चालता येतं ही चाचणी मात्र राहिली. वर्षभरानंतर व्यायामाच्या गटाची सरासरी ३७९ मीटर, नुसत्या देखरेखीच्या गटाची ३४८ मीटर. निरोगी माणूस तेवढ्या वेळात सहज ६०० मीटरच्या आसपास जातो.

मूळ विदा, म्हणजे डेटा, मागितली तेव्हा चाचणी चालवणाऱ्या विद्यापीठाने ती दिली नाही. अ‍ॅलेम मॅथीस या ऑस्ट्रेलियातल्या रुग्णाने माहिती अधिकाराचा अर्ज लावून धरला, प्रकरण न्यायाधिकरणात गेलं आणि २०१६ साली विदा खुली करण्याचा आदेश झाला. मूळ आराखड्याच्या निकषांनी पुन्हा हिशेब केल्यावर बरं होण्याचं प्रमाण एक आकडी निघालं आणि गटागटांत ठोस फरक उरला नाही. तो निबंध २०१८ चा. पेसच्या लेखकांना हे मान्य नाही, ते आपल्या निष्कर्षांवर ठाम आहेत. पण अडीच वर्षांनंतरच्या पाठपुराव्यात चारही गट जवळपास सारखेच दिसले, आणि ते त्यांच्याच निबंधात आहे.

मग व्यायामाचा सल्ला मागे घेतला गेला का?

इंग्लंडात हो. तिथल्या नाइस या संस्थेच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत जीईटी आणि सीबीटी दोन्ही होते. नव्या सूचना ऑगस्ट २०२१ मध्ये यायच्या होत्या. काही वैद्यकीय संस्थांच्या आक्षेपांमुळे त्या ऐनवेळी थांबवल्या, आणि अखेर २९ ऑक्टोबरला आल्या. त्यांत जीईटी देऊ नये असं स्पष्ट आहे. सीबीटी ठेवली आहे ती आजारासोबत जगायला आधार म्हणून, आजार बरा करणारी म्हणून नव्हे. व्यायामाच्या बाजूचा पुरावा त्यांच्या समितीने "कमी" किंवा "अतिशय कमी" दर्जाचा ठरवला. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने आपल्या संकेतस्थळावरून हा सल्ला त्याआधीच, २०१७ साली काढला होता.

सगळीकडचा हिशेब अजून मिटलेला नाही. पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने व्यायामाला अनुकूल असलेला आपला २०१९ चा आढावा नव्याने करायचं कबूल केलं, रुग्ण प्रतिनिधी घेऊन काम सुरू केलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते काम रद्द करून जुनाच आढावा कायम ठेवला. एखादा डॉक्टर तुम्हाला तो दाखवेल तेव्हा दचकू नका. नाइसच्या २०२१ च्या सूचनांची प्रत काढून सोबत न्या. बांबोळीला गोमेकॉच्या ओपीडीत जाताना कागदांच्या पिशवीत ती वर ठेवावी. तोंडाने सांगितलेल्यापेक्षा छापील कागद जास्त वाचला जातो, हा माझा अनुभव.

म्हणजे रुग्ण मानसोपचाराच्या विरोधात आहेत?

नाही. वर्षानुवर्षं अंथरुणावर काढणाऱ्या माणसाला मनाचा आधार लागतोच, आणि नैराश्य आलं तर त्यावर उपचार घ्यायलाच हवेत. मधुमेह किंवा कॅन्सर झालेला माणूसही समुपदेशन घेतो. म्हणून त्याचा आजार मनाचा ठरत नाही, एवढंच आमचं म्हणणं.

ही "मनाचा आजार" समजूत आली कुठून?

१९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये साथ आली, सुमारे ३०० जण आजारी पडले, बहुतेक तिथलेच कर्मचारी. इस्पितळ काही काळ बंद ठेवावं लागलं. १९६९ साली जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार मज्जासंस्थेच्या आजारांत नोंदवला. आणि १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्या साथीची जुनी कागदपत्रं वाचून ती सामूहिक उन्मादाची घटना असावी असा निबंध लिहिला. आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग. पुढची कित्येक दशकं त्या निबंधाने खाल्ली.

आपल्याकडे त्यासाठी निबंधही लागत नाही. "दिष्ट लागली असेल", "लग्न झालं की बरी होईल", "बायकांची नाटकं" ही निदानं फुकटात मिळतात.

एनआयएचने आता सखोल जैविक अभ्यास केला. मग तक्रार कसली?

फेब्रुवारी २०२४ मध्ये तो नेचर कम्युनिकेशन्समध्ये आला. संसर्गानंतर आजारी पडलेले १७ रुग्ण आणि तुलनेला २१ निरोगी माणसं. रक्तातल्या प्रतिकारपेशींत फरक दिसले, मेंदूभोवतीच्या द्रवात काही रसायनं कमी आढळली. हे सगळं मोलाचं आहे.

खटकलं ते एका शब्दप्रयोगापाशी. रुग्णांची "श्रमाची पसंती" बदललेली असते, असं निबंधात मांडलं होतं. त्यामागे बटण भराभर दाबण्याचा एक खेळ होता: अवघड फेरी निवडली तर जास्त पैसे, सोपी निवडली तर कमी. रुग्णांनी अवघड फेऱ्या कमी निवडल्या. टीकाकारांनी दाखवून दिलं की अवघड फेऱ्या रुग्णांना पुऱ्याच करता येत नव्हत्या. जे जमणार नाही ते सोडून जमेल ते निवडणं याला पसंती कशी म्हणायची? लंगडणारा माणूस जिन्याऐवजी लिफ्ट घेतो, तेव्हा त्याच्या आवडीनिवडीवर कोणी निबंध लिहीत नाही. आणि १७ रुग्णांवरून एवढी मोठी गोष्ट सांगू नये, हेही आहेच.

म्हणजे जैविक संशोधन म्हटलं की विश्वास ठेवायचा, आणि मानसिक म्हटलं की नाही?

या प्रश्नाची मी वाट बघत होते. उत्तर: मुळीच नाही.

२००९ साली सायन्स या नियतकालिकात निबंध आला की १०१ रुग्णांपैकी ६८ जणांत एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू सापडला, निरोगी लोकांत मात्र जेमतेम ४ टक्क्यांत. आमच्या जगात दिवाळी झाली. काही रुग्णांनी एचआयव्हीची औषधंही घ्यायला सुरुवात केली. नंतर इतर प्रयोगशाळांना तो विषाणू सापडेना; उंदरांमधून कर्करोगाची गाठ वाढवताना प्रयोगशाळेतच तो तयार झाला आणि नमुने दूषित झाले होते असं कळलं. २०११ मध्ये सायन्सने निबंध मागे घेतला.

दुसरं उदाहरण रिटुक्सिमॅब या औषधाचं. नॉर्वेच्या फ्लूगे आणि मेला या डॉक्टरांनी २०११ साली ३० रुग्णांवर केलेल्या छोट्या चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश रुग्ण सुधारलेले दिसले. त्यांनीच मग १५१ रुग्णांची मोठी चाचणी केली, औषध कोणाला आणि सलाईनचं पाणी कोणाला हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून लपवून. २०१९ मध्ये निकाल आला: काही फरक नाही. आपल्याच आशेवर पाणी पडलं तरी त्यांनी तो जसाच्या तसा छापला. मला या आजाराच्या इतिहासात ही दोन माणसं फार मोठी वाटतात. रिटुक्सिमॅबच्या त्या चाचणीला जे कडक माप लावलं तेच व्यायामाच्या चाचण्यांना लावा, एवढीच रुग्णांची मागणी आहे.

डेकोडएमईमध्ये नेमकं काय सापडलं? त्यावरून तपासणी निघाली का?

तपासणी अजून नाही. डेकोडएमई हा एडिनबरा विद्यापीठाने आणि रुग्णांनी मिळून केलेला जनुकांचा अभ्यास. प्रश्नावलीपासून प्रसिद्धीपर्यंत सगळीकडे रुग्ण होते, आणि निवडीत श्रमानंतरची घसरण अनिवार्य होती. थुंकीचा नमुना टपालाने पाठवायचा, म्हणून अंथरुणाला खिळलेलेही भाग घेऊ शकले. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिले निकाल आले, तज्ज्ञांच्या औपचारिक परीक्षणाआधीच्या स्वरूपात: १५,५७९ रुग्णांच्या जनुकसंचाची सुमारे २,६०,००० इतरांशी तुलना करून आठ जागी फरक सापडले. त्यांच्या आसपासची काही जनुकं प्रतिकारशक्तीशी आणि मज्जासंस्थेशी संबंधित आहेत.

जनुकं जन्मापासून असतात. अंथरुणावर पडून राहिल्याने किंवा घाबरल्याने ती बदलत नाहीत. त्यामुळे "आजाराचा परिणाम की कारण" हा नेहमीचा घोळ इथे बराच कमी होतो. मात्र प्रत्येक फरकाचा वाटा छोटा आहे, आणि मुख्य विश्लेषण युरोपीय वंशाच्या लोकांपुरतं आहे. आपल्याला ते किती लागू, हे भारतीयांचे नमुने घेतल्याशिवाय कळणार नाही. मला यात मोठी उणीव दिसते आणि ती भरून काढायची जबाबदारी आपल्याकडच्या संस्थांची आहे.

लाँग कोविडमुळे आमचं भलं होईल की आम्ही मागे पडू?

दोन्ही होताना दिसतंय. अमेरिकेने डिसेंबर २०२० मध्ये लाँग कोविडसाठी १.१५ अब्ज डॉलर मंजूर केले, आणि त्यातून उभा राहिलेला रिकव्हर प्रकल्प औषधांच्या चाचण्यांपर्यंत फार उशिरा पोचला, ही रुग्णांची मोठी तक्रार. त्यात व्यायामाची चाचणी घालायचं ठरलं तेव्हा जुन्या एमई रुग्णांनी जोरात विरोध केला. पेसचा अनुभव ताजा होता.

चांगलंही झालं. २०२४ साली नेदरलँड्समधल्या गटाने लाँग कोविडच्या २५ रुग्णांचे स्नायूंचे नमुने जोरदार श्रमाआधी आणि नंतर घेतले. श्रमानंतर स्नायूंतलं नुकसान आणि ऊर्जानिर्मितीतला बिघाड वाढलेला दिसला. माटोळीनंतर हात का उचलत नाही, याचा हा सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा. अर्थात अभ्यास छोटा आहे, आणि रुग्ण लाँग कोविडचे आहेत.

पैसा खरंच इतका कमी मिळतो?

२०२० मधल्या एका हिशेबानुसार, आजाराच्या ओझ्याच्या प्रमाणात द्यायचं तर एनआयएचला या आजारावरचा खर्च सुमारे १४ पट करावा लागेल.

सर्वांत जास्त आजारी असलेले रुग्ण अभ्यासांत का नसतात?

कारण त्यांना तिथवर पोचता येत नाही. निदान चौथाई रुग्ण आजाराच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर घराला किंवा अंथरुणाला खिळतात. पेडण्याहून बांबोळीला तपासणीला जाऊन आल्यावर जो पंधरा दिवस उठत नाही, तो सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीला कुठून येणार? अभ्यासात दिसतात ते त्या दिवशी येऊ शकलेले. मधेच सोडून गेलेल्यांची गणती "पाठपुराव्यात हरवले" अशी होते. ते हरवलेले नसतात, घरात अंधार करून पडलेले असतात.

याची टोकाची किंमत इंग्लंडात दिसली. मेव्ह बूथबी ओ'नील ही २७ वर्षांची मुलगी अतितीव्र एमईने २०२१ साली गेली. खाणं-गिळणं अशक्य झालं होतं. २०२४ मध्ये तिच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने नोंदवलं की अशा रुग्णांसाठी देशात खास व्यवस्थाच नाही.

आधी कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात?

रक्तातलं लोह, थायरॉइड, साखर, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व, मूत्रपिंड-यकृत, गरज असेल तर क्षयरोग आणि झोपेतला श्वासरोध. गोव्यात पावसाळ्यानंतर डेंग्यू-चिकुनगुन्याचा इतिहास डॉक्टरांना जरूर सांगा. दहा मिनिटं उभं राहून नाडी आणि रक्तदाब कसा बदलतो ते पाहायला सांगा. याला यंत्र लागत नाही, वेळ लागतो. सगळे रिपोर्ट "नॉर्मल" आले म्हणजे तुम्ही बरे आहात असं नव्हे, या तपासण्यांत जे आजार सापडतात ते नाहीत, इतकंच.

स्टेम सेल, व्हिटॅमिनचं सलाईन, डिटॉक्सचे आठवडे? किनाऱ्यावर जागोजागी पाट्या असतात.

पैसे जपून ठेवा. या आजारावर मोठ्या चाचणीत सिद्ध झालेलं औषध आज एकही नाही.

योगासनं?

शवासन, सावकाश श्वास, अंग सैल सोडणं यांनी काहींना आराम पडतो. सूर्यनमस्कारांचा आकडा रोज एकाने वाढवायचा म्हणाल तर तो जीईटीच झाला, फक्त सतरंजीवर. संशोधन आपल्या मातीतलं असलं तरी वरचे प्रश्न त्यालाही विचारायचे: घसरण असलेलेच रुग्ण घेतले होते का, आणि ज्यांना त्रास झाला त्यांची नोंद ठेवली का?

पेपरात "थकव्यावर उपाय सापडला" अशी बातमी आली. तिचं काय करायचं?

बातमी बाजूला ठेवून निबंधाचा सारांश शोधा. तो बहुतेकदा फुकट वाचता येतो. आधी बघा रुग्ण कोणत्या निकषांनी घेतले. तिथे "थकवा" एवढंच असेल तर पुढे वाचायची घाई नाही. मग रुग्ण किती आणि यश कशाने मोजलं: प्रश्नावलीने, की पावलं, कामाचे तास, नाडी अशा कशाने? आरंभी ठरवलेलं माप शेवटी तेच राहिलं का? उंदरांवर किंवा काचेच्या बशीतल्या पेशींवर केलेल्या कामाची बातमी असेल तर खूश व्हा, पण औषधाच्या दुकानात जाऊ नका.

गोव्यात राहून संशोधनात भाग घेता येईल का?

भारतात चालणाऱ्या चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया या सरकारी नोंदवहीत करावी लागते. ती इंटरनेटवर खुली आहे, शोधायला पैसे पडत नाहीत. आजाराची दोन्ही नावं आणि "लाँग कोविड" असं इंग्रजीत टाकून अधूनमधून शोधत राहा. कुणी तुम्हाला चाचणीत यायला सांगितलं, तर नोंदणी क्रमांक विचारून तो तिथे सापडतो का हे आधी पाहा, आणि भाग घेण्यासाठी तुमच्याकडून पैसे मागितले तर निघून या.

सही करण्यापूर्वी माहितीपत्रक मराठीत किंवा कोकणीत मागा. तुम्हाला समजेल अशा भाषेत ते मिळणं हा तुमचा हक्क आहे. चाचणी मधे कधीही सोडता येते, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. आमच्या आजारासाठी आणखी दोन गोष्टी लिहून घ्या. तपासणीला येऊन गेल्यावर क्रॅश आला तर कळवायचं कोणाला, त्या माणसाचं नाव आणि फोन. आणि तपासणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते स्वतः फोन करून विचारणार आहेत का. दुसऱ्या दिवशी फोन केला तर तुम्ही "ठीक आहे" म्हणाल, आणि तेच नोंदवलं जाईल.